उसातला पॅटन

रणगाडा खोक्यातून येतो. शेत येत नाही.

छोट्या प्रमाणातली मॉडेलं करणाऱ्यांना हे लवकर कळतं. खोक्याचं झाकण उघडलं की प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेली चाकं, झाकणं, हुक, नळ्या असं सगळं दिसतं. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो आणि कोणता तुकडा कुठे बसवायचा हे पत्रकावर छापलेलं असतं. पण तो रणगाडा कुठल्या मातीत रुतायचा, त्याच्या पट्ट्यांखाली काय चिरडलेलं असायचं, त्या दिवशी ऊन होतं की पाणी साचलं होतं, याचं पत्रक कुठल्याच खोक्यात नसतं. मॉडेलभोवतीचा देखावा, म्हणजे डायोरामा, तिथून सुरू होतो.

माझ्या टेबलावर गेले कित्येक महिने एक एम-४७ पॅटन आहे. प्रमाण १:३५. जागा पंजाबातल्या खेमकरणजवळचं असल उत्तर हे गाव, महिना सप्टेंबर, वर्ष १९६५. आणि भोवती ऊस.

मी नगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातला. नगरला लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. देशोदेशीचे रणगाडे तिथे उघड्या आवारात उन्हापावसात उभे असतात. आणि शहर मागे टाकून राहुरी-श्रीरामपूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना ऊस. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकेल असं लहानपणी कधी मनात आलं नव्हतं. १९६५च्या भारत-पाक युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईबद्दल पहिल्यांदा सविस्तर वाचलं, तेव्हा मी थबकलो तो उसापाशी.

पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन खेमकरणमार्गे आत घुसली होती. बियास नदीवरच्या पुलापर्यंत धडक मारायची तिची योजना होती, आणि तिच्याजवळचे अमेरिकी बनावटीचे पॅटन त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक रणगाड्यांपेक्षा नवे होते. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरून असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधले. थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, नावातच दख्खन असलेल्या डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन, एटथ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स हे सगळे उसात दडले. शेतांत पाणी सोडलं गेलं. ८ ते १० सप्टेंबर असे तीन दिवस पॅटन त्या नालेत शिरत राहिले आणि चिखलात बसत राहिले. १० तारखेला कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवरची रिकॉइललेस तोफ घेऊन त्याच उसाच्या आडोशाने लढले, तिथेच पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. पाकिस्तानने या लढाईत नव्वदहून अधिक रणगाडे गमावल्याचं भारतीय नोंदी सांगतात. धरून आणलेले रणगाडे पुढे भिखीविंडजवळ ओळीने उभे केले होते. त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले.

एम-४७च्या टरेटला, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाला, दोन्ही अंगांना दोन फुगवटे असतात. ते अंतरमापकाचे. दोन डोळ्यांनी पाहावं तसं दोन भिंगांतून पाहून लांबच्या लक्ष्याचं अंतर काढणारं यंत्र टरेटच्या आत आडवं बसवलेलं असे, आणि त्याची टोकं या फुगवट्यांत येत. मोकळ्या मैदानावर त्याला मोठी किंमत होती. उसात पंधरा-वीस पावलांपलीकडचं काही दिसत नाही. उसाच्या फडात हरवलेल्या वासराला शोधायला ज्यांनी कधी हाका मारल्या आहेत, त्यांना ही लढाई नकाशाशिवाय समजेल.

म्हणून मला त्या उसाचा डायोरामा करायचा होता. पॅटन त्यात असणारच होता, पण उसाच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून.

१:३५ या प्रमाणाचा इतिहास मला फार आवडतो. जपानमधल्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं चालतं मॉडेल काढलं. आत मोटर आणि सेल मावायला हवे होते, म्हणून त्यांच्या हिशेबाने मॉडेलचा आकार ठरला, आणि तो भरला मूळच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाएवढा. पुढे सगळ्या जगाने ते माप उचललं. त्या मापात पॅटन तोफेच्या टोकापासून शेपटापर्यंत चोवीस सेंटिमीटर येतो. माणूस पाच सेंटिमीटर. पंजाबात ऊस लागतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे सप्टेंबरात तो सहा-सात महिन्यांचा असणार. आपल्याकडच्या आडसालीसारखा चौदा महिन्यांचा दणकट नव्हे. उंची दोन-सव्वादोन मीटर धरली तर सहा सेंटिमीटर. पान जेमतेम एक मिलिमीटर रुंद. आणि वाळूचा एक मिलिमीटरचा कण या जगात साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. त्यामुळे खरी माती इथे खोटी दिसते. मैद्याची चाळणीही पुरत नाही. माती खलून, कापडातून गाळून घ्यावी लागते.

रणगाडा जुळवण्याचं काम मी पत्रकाप्रमाणे केलं, एका जागी मात्र बराच रेंगाळलो. एम-४७चं टरेट ओतीव पोलादाचं होतं. ओतकामाचा पृष्ठभाग कधी गुळगुळीत नसतो. साच्यातल्या वाळूचा खडबडीतपणा धातूवर उतरतो. प्लास्टिकला ते साधत नाही. पुट्टी पातळ करायची, टरेटवर लावायची आणि ओली असतानाच जुन्या, केस झडलेल्या ब्रशने टोचत राहायचं. सुकली की पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवायचा. मग पुन्हा. बोट फिरवल्यावर जाणवेल न जाणवेल इतकाच खडबडीतपणा हवा. नगरच्या आवारातल्या रणगाड्यांवर तळहात ठेवून मी तो अनेकदा पाहिला आहे. उन्हात तापलेलं ते पोलाद तळव्याला संत्र्याच्या सालीसारखं लागतं. त्या स्पर्शाशी इमान राखण्यापलीकडे या कामात मला दुसरं काही सिद्ध करायचं नव्हतं.

मग रंग. आधी करडा प्रायमर, त्यावर एअरब्रशने ऑलिव्ह ग्रीनचे पातळ थर. खऱ्या रणगाड्याचा रंग जसाच्या तसा मॉडेलवर मारला तर तो काळपट दिसतो. आपण मॉडेल हातभर अंतरावरून पाहतो, म्हणजे त्याच्या जगात पंधरा-वीस मीटरवरून, आणि तेवढ्या हवेतून येताना प्रत्येक रंग थोडा फिका होतो. म्हणून हिरव्यात जरा पिवळसर पांढरा मिसळायचा. मध्ये असलेली ती हवा रंगवायची. त्यानंतर चकचकीत वार्निशचा हात, त्यावर डिकल, मग सांध्यांत आणि बोल्टांच्या मुळाशी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेला गडद तपकिरी वॉश. तो वॉश खाचेतून आपोआप पळतो. एका ठिकाणी ब्रशचं टोक टेकवावं आणि रंग रेघेरेघेने पुढे सरकताना पाहावा, यासारखं सुख या छंदात दुसरं नाही.

जुनेपण देताना माझा एक नियम आहे: कारण सांगता येत नसेल तर डाग लावायचा नाही. बरीच मॉडेलं गंजाने आणि ओरखड्यांनी नुसती माखलेली असतात. देखणी असतात, पण ती यंत्रं कुणी चालवली होती असं वाटत नाही. पुढच्या मडगार्डवरचा रंग उडतो, कारण माणसं तिथे पाय देऊन वर चढतात. ड्रायव्हरच्या झाकणाची कड उजळते, कारण रोज तिला हात लागतो. पॅटनचं इंजिन पेट्रोलवर चालायचं. टाकीच्या तोंडाभोवती सांडलेल्या पेट्रोलने धूळ धुऊन निघते आणि तिथे गडद ओघळ राहतो. मागच्या मडगार्डांवरचे सायलेन्सर तापून तापून तांबूस होतात. एम-४७मध्ये पाच माणसं बसत: कमांडर, तोफची, तोफ भरणारा, ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी पुढची मशीनगन चालवणारा. हे डाग त्या पाचांचे. मी त्यांना दाखवणार नव्हतो, फक्त झाकणं उघडी ठेवणार होतो, पण ते होते हे प्रत्येक उजळलेल्या कडेने सांगायला हवं. ते आपल्याविरुद्ध लढत होते. तरीही रोजचा हात लागून उजळलेलं पोलाद रंगवताना माझ्या मनात त्यांच्याविषयी वैर राहू शकलं नाही, आणि ते राहावं असं मला वाटतही नाही.

चिखलाशी आलो आणि काम अडलं. चिखलाला तारीख लागते.

१० सप्टेंबर दाखवायचा तर सगळं ओलं हवं. चाकांवर चकाकणारा गाळ, चिरडलेल्या उसाचा हिरवा ताजा रंग, पट्ट्यांच्या खाचांतून लोंबणारी पानं. शस्त्रसंधी झाली ती २३ सप्टेंबरला. तो दिवस धरला तर मधले तेरा दिवस रंगवावे लागतात. पाणी उतरून चाकांवर त्याची पांढुरकी रेघ उरलेली, वरचा चिखल फिका होऊन भेगाळलेला, पट्ट्यांच्या उघड्या पोलादावर केशरी गंज, चाकोरीच्या तळाशी थोडं गढूळ पाणी आणि मोडलेल्या पानांचं पाचट झालेलं. बहुतेक डायोरामांना पहिला दिवस आवडतो, कारण त्यात धूर असतो, हालचाल असते. मला दुसरा ओढत होता. लढाई चालू असताना शेत लढणाऱ्यांचं असतं. ज्याचं ते खरोखर होतं तो परत येऊ शकला असेल तो त्यानंतरच.

तो कोण होता, हे कुठल्या पुस्तकात शोधायचं? मोर्चे कुठे होते, कोणत्या रेजिमेंटचा कोणता स्क्वॉड्रन कुठून पुढे सरकला, याचे नकाशे आहेत. फेब्रुवारीत बेणं लावून सहा महिने त्याला पाणी देणाऱ्या माणसाचा नकाशावर उल्लेख नसतो. शेपर्ड पेन या अमेरिकी मॉडेलकाराने १९७०च्या दशकात मोनोग्राम कंपनीसाठी असे काही देखावे उभे केले की त्यांची रंगीत घडीपत्रकं खोक्यांतून घरोघरी गेली आणि एका पिढीला या कलेचं वेड लागलं. त्याचं काम पाहताना एक गोष्ट मनावर ठसते. तिथे यंत्र कितीही मोठं असलं तरी नजर शेवटी एखाद्या माणसाच्या खांद्यावर, मानेवर, काहीतरी उचलायला वाकलेल्या पाठीवर येऊन थांबते. माझ्या देखाव्यात तो माणूस शेतकरी असणार होता.

बाजारात १:३५चे सैनिक हवे तितके मिळतात. मी एक बसलेला सैनिक घेतला, त्याचं शिरस्त्राण आणि पट्टे तासून काढले आणि इपॉक्सी पुट्टीने कुर्ता आणि पगडी घडवली. पगडीचे पेच सुईच्या टोकाने पाडले. त्याचे हात मात्र जोडले नाहीत. हात कुठे असतील ते मला ठाऊक नव्हतं.

आणि मग ऊस. पितळेच्या बारीक तारा घेतल्या, कारण उत्तरेकडचा ऊस आपल्यापेक्षा बारीक असतो. तारेवर ठरावीक अंतराने फेव्हिकॉलचे थेंब वाळवले की पेरं दिसू लागतात. पानांसाठी पातळ कागद आधी दोन्ही बाजूंनी रंगवून घेतला, त्यावर बोथट सुईने मधली शीर ओढली, ती फिकट रंगाने उजळली आणि मग पात्याने पानं कापली. प्रत्येक पान नखावर ओढून त्याला बाक द्यायचा, चिमट्याने तारेला चिकटवायचं, टोक खाली झुकवायचं. तुरा कुठेच नाही, सप्टेंबरात तो येत नसतो. रात्रीमागून रात्री हेच काम. रणगाड्याला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ उसाला लागला आणि मला तेच योग्य वाटलं. खऱ्या शेतातही असंच असणार.

आपल्या मुलुखात हे कुणाला फार परकं वाटू नये. दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या प्रत्येकाने डायोरामा केलेला आहे. पोतं, दगड, चिखल, वर पेरलेले अळीव, आणि ते उगवले की मावळ्यांच्या डोक्यावरून जाणारं जंगल. प्रमाणाची चिंता नव्हती, पण जमीन आधी आणि माणसं नंतर हा क्रम तेव्हाही बरोबर होता. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या निसर्गविभागात काचेमागे प्राणी त्यांच्या परिसरासकट मांडलेले आहेत. तिथे मी शाळेत असताना पहिल्यांदा गेलो तेव्हा प्राण्यांपेक्षा त्यांच्या पायांखालची जमीनच पाहत उभा राहिलो होतो. कुणीतरी ती हातांनी केली आहे, या विचाराने अंगावर काटा आला होता.

राहुरीचे मामा आले ते या टप्प्यावर. पॅटन त्याच्या चाकोरीत टेकवून पाहिलेला, उभा ऊस खोचलेला, आडवा ऊस अजून सुटा एका ताटलीत. मामांची हयात उसात गेली. चष्मा पुसून ते टेबलाजवळ बसले आणि रणगाड्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

“खोडवा दिसत नाही, लागणीचाच आहे,” ते म्हणाले. “किती दिवस झाले हा पडून?”

मी म्हणालो, तेच ठरवतोय. पहिला दिवस दाखवू की तेरा दिवसांनंतरचा.

“तेरा दिवसांनी असा सरळ आडवा नाही राहायचा तो.” त्यांनी ताटलीतला एक ऊस चिमट्याने नव्हे, बोटांनीच उचलला. “मूळ धरून असलं आणि मोडला नसला, तर पडलेल्या उसाचा शेंडा वर वळतो. आठ-पंधरा दिवसांत दिसायला लागतं. वादळात लोळलेला फड बघितलाय ना तू? सगळा जमिनीवर आणि शेंडे आभाळाकडे.”

मी पाहिला होता. शेकडो वेळा रस्त्यावरून जाताना पाहिला होता.

“आणि मधून कुठूनही नाही वाकायचा. पेऱ्यातून वळतो. एका पेऱ्यात थोडा, पुढच्यात थोडा. शेंड्याकडच्या तीन-चार पेऱ्यांतच.”

मी पक्कड आणली. तारेवरचे थेंब बरोबर पेऱ्यांच्याच जागी होते. पहिला ऊस मी वाकवला. त्यांनी मान हलवली, फार झालं म्हणाले. दुसरा जमला. मग आम्ही ताटलीतल्या उसांचे दोन ढीग केले. पट्ट्यांखाली येणारे एका बाजूला: ते उभे चिरलेले, चोयट्या निघालेले, पानं पाचटासारखी पिवळी करायची. रणगाड्याच्या बगलेने नुसते लोटले गेलेले दुसऱ्या बाजूला: यांचे शेंडे वळवायचे, आणि शेंड्यातली पानं हिरवीच ठेवायची. तारीख ठरून गेली होती. चिखल कोणता, गंज किती, पाणी कुठवर, सगळं आता त्या वळलेल्या शेंड्यांवरून काढता येणार होतं.

मामांनी शेतकऱ्याची बिनहाताची मूर्ती उचलली आणि उजेडात धरली.

“याला कुठे बसवतोस?”

“बांधाच्या बाजूला. या लोळलेल्या उसापाशी. हात कसे ठेवू?”

ते खुर्चीवरून उतरले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी फरशीवर उकिडवे बसले. डावा हात जमिनीवर टेकला, तळवा उघडा, जणू ओल बघतायत. उजवा हात पुढे करून त्यांनी नसलेल्या उसाचं दुसरं-तिसरं पेर अंगठा आणि तर्जनीत धरलं आणि अंगठा हळूच फिरवला.

“डोळा फुगलाय का ते असं बघायचं,” ते म्हणाले. “पट्ट्याखालचा सोडून दे, तो गेला. पण हा बाजूचा तोडू नको म्हणावं त्याला. याचा गूळ होईल.”

मी कागदावर त्यांच्या कोपराचा कोन काढून घेत होतो. “जरा तसेच थांबा मामा,” मी म्हणालो, “मनगट किती वळलंय ते बघू द्या.”